छोट्यांचं टेबल टेनिस (वय ४ ते ७) : नाव घालण्याआधी आईबाबांनी हे एकदा वाचा

नमस्कार. चौकशीला येणारे बहुतेक आईबाबा पहिला प्रश्न हाच विचारतात की किती महिन्यांत खेळायला लागेल, आणि आमचं उत्तर ऐकून काहींचा चेहरा पडतो, म्हणून म्हटलं सगळं एकदाच नीट लिहून काढावं. आमची अकॅडमी छोटी आहे, पुण्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये ३ मोठी टेबलं आणि २ बुटकी टेबलं, शिकवणारे आम्ही दोघंच, मुलं आम्हाला दादा आणि ताई म्हणतात. ४ ते ७ वर्षांच्या मुलांची बॅच वेगळी ठेवलीये कारण त्यांचं सगळंच वेगळं असतं. या वयात पहिलं वर्षभर आम्ही खेळाडू घडवायच्या मागे लागत नाही, मुलाची आणि बॉलची गट्टी जमवून देतो. ती जमली की पुढचं शिकवायला वेळ लागत नाही, आणि ती न जमवताच फोरहँड बॅकहँड (तळहाताच्या आणि हाताच्या पाठीच्या बाजूने मारायचे फटके) घोटवला तर मूल आठव्या नवव्या वर्षी कंटाळून बॅट ठेवून देतं, हे आम्ही इतक्या वेळा बघितलंय की आता त्याबाबतीत तडजोड करत नाही.

टेबलची उंची

सगळ्यात आधी हे, कारण याकडे कोणी लक्षच देत नाही. नियमातलं टेबल २.७४ मीटर लांब, १.५२५ मीटर रुंद आणि ७६ सेंटिमीटर उंच असतं, त्यावर १५.२५ सेंटिमीटरची नेट. आपल्याला ते कमरेच्या खाली येतं. पण पाच वर्षांचं मूल असतं साधारण १०५ ते ११० सेंटिमीटर, म्हणजे टेबल त्याच्या छातीला लागतं आणि नेटची वरची पट्टी डोळ्यांच्या जवळपास. आता तुम्ही छातीएवढ्या उंच ओट्यावर पोळ्या लाटायला उभं राहून बघा, काय होईल? खांदे वर जातील, कोपरं बाहेर फाकतील, मनगटावर सगळा जोर येईल आणि चार पोळ्यांत मान भरून येईल. मुलाचं तेच होतं. बॉलपर्यंत पोचायला ते हात वर उचलून वरून चापट मारतं, आणि तीच सवय अंगात बसते, मग दहाव्या वर्षी टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढे फिरकी देणारा फटका, शिकवताना ती चापट मोडायला सहा सहा महिने जातात.

आमच्या पहिल्या वर्षी आम्ही यावर उपाय म्हणून मुलांना लाकडी फळीच्या स्टेजवर उभं करायचो. उंची मिळाली, पण पाय बांधले गेले, मूल जागचं हलेना कारण कडेवरून पडायची भीती. आणि एक दिवस एक चिमुरडी बॉलच्या नादात बाजूला सरकली ती थेट खाली, टेबलच्या कडेवर ओठ आपटला, रक्त आलं. तिची आई काही बोलली नाही पण आम्हाला रात्रभर झोप नव्हती. त्याच आठवड्यात एका जुन्या टेबलचे पाय सुताराकडून कापून घेतले आणि ते ६० सेंटिमीटरवर आणलं, नंतर दुसरंही तसंच केलं. नेटही थोडी खाली बांधतो. सगळ्या टेबलांच्या कोपऱ्यांना फोम लावलाय, आणि टेबल घडी करताना किंवा चाकावरून हलवताना एकही मूल हॉलमध्ये नसतं, हा आमचा पक्का नियम आहे, घडीचं टेबल अंगावर आलं तर ते फार वाईट असतं. घरी घडीचं टेबल असेल तर तुम्हीही एवढं पाळाच.

क्लासमध्ये नेमकं काय करतो

४० मिनिटं, आठवड्यातून ३ दिवस, एका बॅचला जास्तीत जास्त ६ मुलं. सुरुवात टेबलवर होतच नाही. लंगडी, विषामृत, डोंगराला आग लागली, हेच. लंगडीने तोल येतो, विषामृतात थांबणं आणि पटकन दिशा बदलणं येतं, म्हणजे टेबल टेनिसच्या फूटवर्कला जे लागतं तेच सगळं, फक्त मुलाला ते ड्रिल वाटत नाही.

मग फुगा. हो, फुगा. लहान मुलाच्या डोळ्याला वेगाने येणारी वस्तू कुठे आणि कधी पोचेल याचा अंदाज यायला वेळ लागतो, फुगा हळूहळू खाली येतो त्यामुळे बघायला, सरकायला आणि मारायला सवड मिळते. आधी तळहाताने, मग बॅटने. त्यानंतर मोठा मऊ फोमचा बॉल, मग जमिनीवर बसून समोरासमोर खरा बॉल बॅटने घरंगळवणं, मग बॉल खाली टाकून एक टप्पा आणि झेल. टप्पा पडून बॉल वर आला, वर थांबला आणि आता खाली येणार, ती वेळ मुलाला कळायला लागली की आम्ही बुटक्या टेबलवर नेतो. कोणी तीन आठवड्यांत तिथे पोचतं, कोणाला तीन महिने लागतात, दोन्ही ठीक आहे, कृपया शेजारच्या मुलाशी तुलना करू नका.

टेबलवर आल्यावर दादा बादलीतून एकेक बॉल सोपा देतो, यालाच मल्टीबॉल म्हणतात, मोठ्यांना तो भराभर देतात आणि छोट्यांना मध्ये श्वास घ्यायला वेळ ठेवून. पलीकडे कागदी पेल्यांची लगोरी रचलेली असते. "कोपर शरीराजवळ ठेव, बॅट समोर जाऊ दे" असं पाच वर्षांच्या मुलाला सांगून काही कळत नाही. पण लगोरी उजव्या कोपऱ्यात ठेवली की हात आपोआप तिकडे वळतो, नेटच्या वर रिबन बांधली की बॉल आपोआप तिच्याखालून काढायचा प्रयत्न होतो. सांगायचं कमी आणि मांडायचं जास्त, ताईचा सगळा भर यावर असतो. आणि शेवटची पाच मिनिटं रॅली, म्हणजे बॉल न चुकता इकडून तिकडे मारत राहायचं, आणि सगळ्यांनी मोठ्याने मोजायचं. एक, दोन, तीन. समोरच्याला हरवायचं नाही, दोघांनी मिळून आकडा वाढवायचा.

एक गोष्ट सांगतो. एक मुलगा आला होता, सव्वाचार वर्षांचा, तीन आठवडे त्याने बॅटला हात लावला नाही. फक्त बॉल वेचायचा. टेबलखाली शिरायचा, उकिडवा बसून दोन्ही मुठी भरायच्या, बादलीत टाकायचे, परत पळायचं. त्याच्या बाबांना वाटलं पैसे वाया चाललेत, आणि तसं त्यांनी सांगितलंही. आम्ही म्हटलं थांबा, तो उठाबशा काढतोय, पळतोय, आणि मुख्य म्हणजे तिथून सगळं बघतोय. चौथ्या आठवड्यात बादली भरल्यावर त्याने एक बॉल हातातच ठेवला, टेबलवरची बॅट उचलली, स्वतःच टप्पा पाडला आणि मारला. नेटमध्ये गेला. पुन्हा उचलला. पाचव्यांदा बॉल पलीकडे पडला तेव्हा त्याने मागे वळून पहिल्यांदा आमच्याकडे बघितलं. आज त्या दोघांची, म्हणजे त्याची आणि त्याच्या बाबांची, एकोणतीसची रॅली झालीये.

बॅट, कपडे, बूट

बॅट लगेच विकत घेऊ नका. चांगली म्हणून जी महागडी बॅट दुकानात दाखवतात ती रबरांसकट (बॅटच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या थरांसकट) १७०-१८० ग्रॅमच्या आसपास भरते, एवढ्याशा मनगटाला ते ओझं आहे, आणि फास्ट रबरवरून बॉल असा उडतो की मूल घाबरून नुसतं थोपवायला शिकतं. आमच्याकडे हलक्या बॅट आहेत, दांडा तासून बारीक केलेला, पातळ स्पंजची स्लो रबरं. सहा महिन्यांनी घ्यायची वेळ आली की आम्हीच सांगू कुठली, आणि ती महाग नसेल. बॅट धरायची शेकहँड, आपण हात मिळवतो तशी, पहिलं बोट रबरच्या खालच्या कडेला. मूल डावखुरं असेल तर डाव्याच हाताने खेळू द्या, हे हात जोडून सांगतो. आजी-आजोबांना कधी कधी ते पटत नाही, पण या खेळात डावखुरेपणा हा फायदा आहे, जर्मनीचा नावाजलेला खेळाडू टिमो बॉल (हे त्याचं आडनाव) डावखुराच.

टी-शर्ट पांढरा नको. बॉल पांढरा, टी-शर्ट पांढरा, समोरच्याला बॉल दिसत नाही, स्पर्धेतही बॉलच्या रंगाचा टी-शर्ट चालत नाही. बूट रबरी सोलचे, सँडल किंवा अनवाणी नको.

पंखा का बंद असतो हेही बरेच जण विचारतात. बॉलचं वजन फक्त २.७ ग्रॅम, एक रुपयाच्या नाण्यापेक्षा हलका, पंख्याच्या वाऱ्याने तो वाकडा जातो आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. म्हणून खेळताना पंखा बंद आणि दर दहा मिनिटांनी पाणी पिताना चालू. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेने रबर ओलं होतं, बॉल घसरतो, फरशीही निसरडी होते, तेव्हा आम्ही टेबल आणि फरशी सारखी पुसत असतो आणि फारच ओल असली तर त्या दिवशी टेबल बंद, नुसते खेळ.

घरी काय करता येईल

डायनिंग टेबल नको, ते साधारण मोठ्या टेबलएवढंच उंच असतं. टीपॉय घ्या, मध्ये चार पुस्तकं उभी करा, झाली नेट. आमच्याकडच्या एका मुलीचे आजोबा रोज संध्याकाळी गच्चीत नातीशी फुगा खेळतात, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसून, आणि बॅचमध्ये बॉलचा अंदाज सगळ्यात चांगला तिचाच आहे. १० मिनिटं पुरतात. मूल म्हणालं आता नको, की तिथेच थांबायचं.

स्वतः कॉलेजला खेळलेल्या बाबांना एक सांगणं. तुमच्या वेळी ३८ मिलिमीटरचा बॉल होता, २००० साली तो ४० चा झाला, २००१ पासून २१ ऐवजी ११ चा गेम आला आणि पाच-पाच ऐवजी दोन-दोन सर्व्हिस, २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिकचा बॉल आला. खेळ बदललाय. सर्व्हिसला उघड्या तळहातावरून बॉल १६ सेंटिमीटर वर उडवायचा हा नियम आहे हे खरं, पण छोट्यांना आम्ही पहिलं वर्ष टप्पा पाडून मारू देतो, तेव्हा बाहेरून फाऊल फाऊल ओरडू नका.

पहिला आठवडा तुम्ही हॉलमध्ये बसा, मुलाला धीर येतो. नंतर बाहेर. "अरे बॉलकडे बघ ना" हे आईने म्हटलं की मूल बॉलकडे नाही, आईकडे बघतं. आणि घरी जाताना स्कूटरवर किती मारलेस, कोण जिंकलं असं विचारण्यापेक्षा आज काय मज्जा केली एवढं विचारा, बाकीचं ते स्वतः सांगेल.

मॅच कधी खेळवणार

काही पालक व्हिडिओ दाखवतात, जपानची खेळाडू आई फुकुहारा (आई हे तिचं नावच) ३ वर्षांची असताना खेळायला लागली होती, आपली मनिका बत्रा ४ वर्षांची असताना. बरोबर आहे, आणि फुकुहाराने पुढे २०१२ आणि २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये टीमचं मेडलही मिळवलं. पण २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये लक्झेंबर्गकडून नी शिया लियान ६१ व्या वर्षी खेळली हेही बघा. एवढं लांब आयुष्य असलेला खेळ आहे हा. राष्ट्रीय रँकिंग स्पर्धांमधला सगळ्यात छोटा गट अंडर-११ चा, म्हणजे पाच वर्षांच्या मुलाकडे भरपूर वर्षं आहेत. सात वर्षं होईपर्यंत आम्ही कुठल्याही स्पर्धेला मूल पाठवत नाही. तुम्हाला पाठवायचंच असेल तर आमच्याकडे नाव घालू नका, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

फी दर महिन्याला, वर्षाची एकदम घेत नाही. मूल कंटाळलं तर केवळ पैसे भरलेत म्हणून त्याला ओढत आणायची वेळ कोणावर येऊ नये. पहिले २ क्लास ट्रायल, त्याची फी नाही. ताप, सर्दी असेल तर आणू नका, तो क्लास आम्ही भरून देऊ. दमा, चष्मा, फिट्स, काहीही असेल तर पहिल्याच दिवशी सांगा.

येताना पाण्याची बाटली, त्यावर नाव घातलेलं, आणि एक छोटा नॅपकिन. क्लासच्या आधी तासभर पोटभर खाणं नको, एखादं केळं चालेल. बॅट आणू नका, आमच्याकडे आहेत. फुगे पण.