मुसोलिनी रोमवर चालून गेलाच नव्हता

काळे शर्टवाले, म्हणजे आपले फॅसिस्ट स्वयंसेवक घेऊन इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी रोमवर चालून गेला आणि त्याने सत्ता हिसकावली, असं आजही सर्रास सांगतात. प्रत्यक्षात २८ ऑक्टोबर १९२२ला त्याची माणसं रोमबाहेर पावसात भिजत होती आणि साहेब मिलानमध्ये! पंतप्रधान फाक्तांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार ठेवला होता. राजे व्हिक्टर इमॅन्युएल तिसरे यांनी सहीच केली नाही. उलट मुसोलिनीलाच सरकार बनवायला बोलावलं. मग स्वारी रात्रीच्या गाडीने, स्लीपर डब्यातून, ३० तारखेला सकाळी रोमला उतरली. विजयी संचलन झालं ते ३१ला, म्हणजे सत्ता मिळाल्यावर. पुढे प्रचारात याचीच ‘क्रांती’ झाली. सरकारी कागदांवर इसवी सनाशेजारी रोमन आकड्यांत फॅसिस्ट वर्षही (या ‘क्रांती’पासून मोजलेलं) छापू लागले.