बालमृत्यू आणि जन्मजात विषमतेचा अभ्यास (इंदूर)

दवाखान्यात आलेल्या मुलांपुरते न थांबता एखाद्या प्रदेशात जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा हिशेब ठेवणारे संशोधन. कोणती मुले जगली, कोणती दगावली आणि हा फरक कशाने पडला, हे त्यात शोधतात. दर १,००० जिवंत जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू म्हणजे नवजात मृत्युदर. वर्षाच्या आतले मृत्यू म्हणजे अर्भक मृत्युदर. नमुना नोंदणी पद्धतीनुसार (निवडक भागांतल्या जन्म-मृत्यूंची सरकारी पाहणी) २०२० मध्ये अर्भक मृत्युदर मध्य प्रदेशात ४३, देशात २८ आणि केरळात ६ होता.

इंदूरच्या मराठी घरांत पाचवी पुजताना कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येऊन बाळाचे विधिलिखित लिहिते म्हणतात. घरातल्या बायका ती रात्र उगीच जागवत नव्हत्या. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात. दिवस भरण्याआधीचा जन्म, जन्मताना गुदमरणे आणि जंतुसंसर्ग ही मुख्य कारणे. पण आईचे शिक्षण, घरची मिळकत आणि दवाखान्याचे अंतर हेही त्या कागदावर आधीच लिहिलेले असते.

इंदुरात हा हिशेब विशेष अवघड आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदला जातो. धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानीची अत्यवस्थ बाळे इंदूरच्या मोठ्या रुग्णालयांत येतात. तिथे दगावलेले झाबुआचे बाळ नोंदवहीत इंदूरचे होते. उलट, फळ्यातल्या (आदिवासी पाड्यावरच्या) झोपडीत दोन दिवस जगून गेलेल्या बाळाची कित्येकदा ना जन्मनोंद होते, ना मृत्यूनोंद. नुसत्या नोंदवहीवर विसंबले तर शहर आहे त्याहून वाईट दिसते, गाव आहे त्याहून बरे, आणि जी विषमता मोजायची तीच पुसली जाते. म्हणून १९९२-९३ पासूनच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघर जाऊन आईलाच विचारतात: किती लेकरे झाली, कधी झाली, किती आहेत. उंबऱ्यावर बसून गेलेल्या लेकराची तारीख सांगणे सोपे नसते. दोन श्वास घेऊन गेलेले बाळ पुष्कळदा ‘मेलेलेच जन्मले’ म्हणून सांगितले जाते. मग ते अर्भक मृत्युदरात येतच नाही.

मोजणीतून उपाय निघतो हे गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय व राणी बंग यांनी ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकडून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जाते.

तिच्या झोळीच्या काट्यावर २,५०० ग्रॅमच्या आत भरलेले बाळ कमी वजनाचे. जन्मवजनाच्या रकान्यात नेमक्या २,५०० चा आकडा संशयास्पद वाटावा इतक्या वेळा आढळतो. २,४०० ग्रॅमच्या बाळापुढे कोणी ‘अडीच किलो’ लिहिले, की ज्याच्यावर जास्त लक्ष हवे तेच बाळ यादीबाहेर पडते.