आकाशवाणी झाली आणि फासा एकावर पडला

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, हा टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ, आणि त्यात गोष्ट चालवणारा तो डीएम. नवीन डीएमला पहिली खाज सुटते ती भविष्यवाणीची. मलाही सुटली होती. परळला मित्राच्या घरी रविवारचं सेशन, मेगाब्लॉकमुळे दोघं अजून पोचले नव्हते, आणि मी आवाज जाड करून वाचून दाखवलं की सातव्या घंटेला विजेचा मुलगा काळ्या दारात उभा राहील आणि ते दार कायमचं बंद होईल. विजेचा मुलगा म्हणजे आपला पॅलाडिन, एका खेळाडूचा धर्मयोद्धा, हे पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं, त्याचीही कॉलर लगेच टाईट. दुसऱ्याच सेशनला तो दोरखंडाच्या पुलावरून खाली पडला, नॅट वन, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर एक, आणि मग लागोपाठ तीन डेथ सेव्ह, म्हणजे जीव वाचवायचे फासे, फेल. मेला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घाईघाईत एक देव खाली उतरवला आणि पॅलाडिनला उठवून बसवलं. परत जाताना ट्रेनमधे एकजण म्हणाला, "तो मरणारच नसेल तर आपण फासे कशाला टाकतोय रे?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की हे भांडण या गेमइतकंच जुनं आहे, आणि खरं सांगायचं तर गेमपेक्षा खूपच जुनं आहे.

फासा आणि नशीब हे आपल्याकडे आधीपासून एकाच घरात राहतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त पूर्ण जुगाऱ्याचं रडगाणं आहे. तेव्हाचे फासे चौकोनी नव्हते, बेहड्याची फळं होती, हो तोच हिरडा-बेहडा-आवळा त्रिफळ्यातला. मूठभर उचलायची, चार-चारने मोजायची, काही उरलं नाही तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर, आणि एक उरला तर कली, म्हणजे हरलात. ही डावांची नावं, आणि हीच पुढे युगांची नावं. म्हणजे कलियुग म्हणजे अख्ख्या जगाला पडलेला नॅट वन, हे मला जेव्हा कळलं तेव्हा मी ग्रुपवर रात्री दीड वाजता मेसेज टाकला होता आणि कुणी रिप्लाय दिला नाही. नळाच्या गोष्टीत तर कली हे पात्रच आहे, नळाच्या अंगात शिरतो, नळ द्यूतात राज्य घालवतो. पुढे ऋतुपर्ण राजाकडून तो अक्षहृदय म्हणजे फाशांची विद्या शिकतो, तेव्हा कली बाहेर पडतो आणि जाऊन बसतो कुठे, तर बेहड्याच्याच झाडात! एवढा नीट बांधलेला प्लॉट मला दहा वर्षांत जमलेला नाही.

नशीब आणि भाकीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही आपल्याकडे घरातच दिसतं. बाळाच्या पाचवी-सटीला पाटा-वरवंट्यापाशी कोरा कागद आणि पेन ठेवतात, रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी काय ते लिहून जाते. ते लिहिलेलं कोणी वाचत नाही. सकाळी कागद कोराच असतो. हे झालं नशीब, ते कुणाच्या कामाचं नाही कारण ते कुणाला माहीतच नाही. आकाशवाणीचं तसं नाही, ती भर रस्त्यात, रथात कंस स्वतः लगाम धरून बसलेला असताना होते, देवकीचा आठवा तुला मारणार. आता बघा, ती वाणी झालीच नसती तर कंसाने बहिणीला कैदेत टाकलं असतं का? पुढची सगळी गोष्ट घडते ती कंसाने ऐकलं म्हणून. मला वाटतं डीएम लोकांनी इथेच थांबून जरा विचार करायला हवा, आपण सगळे भविष्यवाणी हिरोला ऐकवतो आणि तो फुगून बसतो. व्हिलनला ऐकवली की तो कामाला लागतो.

भाकिताची दुसरी जात म्हणजे देवाकडून मागून घेतलेला वर. हिरण्यकशिपूने मागून घेतलं, दिवसा नको रात्री नको, घरात नको बाहेर नको, माणूस नको जनावर नको, आणि नरसिंहाने बरोबर फटी शोधून उंबऱ्यावर संध्याकाळी काम केलं. ग्रीकांकडे हेच डेल्फीच्या देवळात चालायचं, लिडियाचा राजा क्रीससने माणसं पाठवून विचारलं की इराणवर चाल करू का, उत्तर आलं की केलीस तर एक मोठं साम्राज्य बुडेल, आणि बुडालं त्याचंच, हे हेरोडोटसने लिहून ठेवलंय. शेक्सपियरच्या मॅकबेथमधल्या चेटकिणीही त्याच खानदानातल्या. शब्द खरा होतो पण ऐकणाऱ्याने लावलेला अर्थ खोटा निघतो, आणि इंग्रजी फँटसीने हा माल तिकडूनच उचलला.

मग १९७४ साल. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हात गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला, एका खोक्यात तीन छोटी पुस्तकं, पहिल्या खेपेला हजार प्रती. ही मंडळी वॉरगेमवाली, टेबलावर सैन्यं मांडून लढाया खेळणारी, म्हणजे लढाई कोण जिंकणार हे आधी ठरलंय असं म्हटलं तर तुम्हाला दाराबाहेर काढतील. त्यामुळे सुरुवातीच्या गेममधे विधिलिखित असं काही नाही, भविष्य आहे ते फक्त मंत्रापुरतं. क्लेरिकने म्हणजे पुजाऱ्याने देवाला प्रश्न विचारायचे, जादूगाराने वरच्या लोकांत संपर्क लावायचा, आणि त्यात उत्तर खोटं मिळायची किंवा वेड लागायची शक्यता टक्क्यांत दिलेली. १९७८च्या प्लेयर्स हँडबुकात ऑगरी हा मंत्र आहे, पुढच्या अर्ध्या तासात आपण करतोय ते बरं की वाईट एवढंच सांगतो, खरं निघायची शक्यता ७० टक्के आणि वर लेव्हलमागे एक टक्का. सत्तर टक्के देव! आमच्या आळीतला जोशी पण एवढं प्रामाणिकपणे सांगत नाही.

१९८३ला ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याचं रेव्हनलॉफ्ट हे मॉड्यूल, म्हणजे खेळायला तयार छापलेलं साहस, आलं आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात हुशार गोष्ट तिथेच झाली. धुक्यातलं गाव, वर किल्ला, किल्ल्यात स्ट्राड नावाचा व्हॅम्पायर, आणि वाटेत मादाम इव्हा पत्त्यांवर भविष्य सांगते. हे पत्ते डीएम खरंच टेबलावर मांडतो. कुठला पत्ता पडला त्यावरून तलवार कुठे लपलीये, स्ट्राडला नक्की काय हवंय आणि तो शेवटी कुठे भेटेल ते ठरतं. म्हणजे पत्ते पडेपर्यंत डीएमलाही माहीत नाही! भाकीत आधी आणि कथा नंतर, त्यामुळे ते खोटं पडायचा प्रश्नच येत नाही. २०१६ला कर्स ऑफ स्ट्राड म्हणून ते परत आलं तेव्हाही ही पत्त्यांची युक्ती तशीच ठेवली होती.

गंमत म्हणजे त्याच ट्रेसी हिकमनच्या हातून पुढच्याच वर्षी, १९८४ला, मार्गारेट वाइसबरोबर ड्रॅगनलान्स सुरू झालं आणि तिथे गाडी बरोबर उलट्या रुळावर गेली. कादंबऱ्या आणि गेमची मॉड्यूलं सोबत निघाली, पात्रं तयार, गोष्ट तयार, आणि महत्त्वाचं पात्र मेलं तर प्रेत सापडू नये अशा पद्धतीने मारा म्हणजे पुढे परत आणता येईल, असा चक्क नियम. म्हणजे माझ्या पॅलाडिनची केस छापून दिलेली. रेलरोडिंग, म्हणजे खेळाडूंना ठरल्या रुळावरूनच ढकलणं, म्हणून शिव्या घालताना लोक अजून ड्रॅगनलान्सचंच उदाहरण देतात.

पण मला ती शिवी अर्धीच पटते. गावाकडे दशावतारात राक्षस शेवटी मरणार हे म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, तरी लोक पहाटेपर्यंत बसतात, कारण संवाद लिहिलेले नसतात, राजा आणि राक्षस समोरासमोर आले की बोलणं तिथल्या तिथे सुचेल तसं. शेवट माहीत असण्याचा त्रास होत नाही. मधली वाट पण बांधून टाकली की मग खेळणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही.

१९८६च्या वॉरहॅमर फँटसी रोलप्ले या दुसऱ्या गेमने फेट पॉइंट दिले, म्हणजे मेलास तर एक पॉइंट जाळ आणि वाच, पॉइंट मोजकेच. नशीब हे चिल्लरसारखं खिशात आलं, आणि मी तो देव उतरवण्याऐवजी हे वाचलं असतं तर ट्रेनमधे बोलणी खावी लागली नसती. पुढे ही कल्पना बऱ्याच गेममधे पसरली. काँप्युटरवर १९९८च्या बाल्डर्स गेटमधे अलाउंडोची भाकितं भिक्षू गात फिरतात, ऐकायला मस्त, पण तिथे सगळं आधीच कोड केलेलं, त्यामुळे आपल्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही.

खरा बदल २००४ला एबेरॉन या डी अँड डीच्या नव्या जगात दिसतो. नवीन जग सुचवा म्हणून २००२ला डी अँड डीच्या कंपनीने स्पर्धा घेतली, अकरा हजारांच्या आसपास प्रवेशिका, जिंकला कीथ बेकर. त्याच्या जगात ड्रॅगनांची प्रोफेसी आहे, ताऱ्यांत, जमिनीवर, माणसांच्या अंगावरच्या खुणांमधे लिहिलेली, पण ती 'असं होईल' म्हणत नाही, 'हे झालं तर ते होईल' म्हणते. मग ड्रॅगन एका बाजूने आणि राक्षस दुसऱ्या बाजूने आपल्याला हवी ती अट पूर्ण व्हावी म्हणून शतकानुशतकं खटपट करत बसतात. हे वाचून मला नवीन काहीच वाटलं नाही, कारण शाप आणि उःशाप आपण लहानपणापासून ऐकतोय, अमुक भेटेल तेव्हा सुटशील. अट आहे म्हणूनच तर गोष्ट आहे.

पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच गेमवाल्यांनी त्याच्याही पुढे जाऊन टेबलच उलटवलं. त्यांच्या गोलारियन या जगात अॅरोडेन नावाचा देव परत येणार अशी भविष्यवाणी होती, सगळे तयारीत, आणि तो ठरल्या वर्षी, त्या जगाच्या ४६०६ सालात, यायच्या ऐवजी मेला. तेव्हापासून त्या जगात कुठलंही भाकीत भरवशाचं राहिलं नाही, त्या काळालाच हरवलेल्या शकुनांचं युग म्हणतात. डीएमची खाज कायमची मिटवायचा उपाय म्हणून बघितलं तर जालीम आहे. २०१२च्या डंजन वर्ल्ड या गेमने साधा रस्ता घेतला, व्हिलनच्या बेतांची एक यादी करायची, कोणी मधे पडलं नाही तर क्रमाने हे हे होईल, आणि खेळाडूंनी मधे पडायचं. आणि २०१४च्या डी अँड डीत भविष्यवेत्त्या जादूगाराला पोर्टेंट मिळालं, सकाळी उठून वीस बाजूंचे दोन फासे टाकून आकडे लिहून ठेवायचे आणि दिवसभरात कुणाच्याही रोलच्या जागी ते वापरायचे. सटवाईचा कागद, फक्त या वेळी वाचायला मिळालेला.

आमच्या आताच्या कॅम्पेनमधे मी भविष्यवाणी लिहीतच नाही. आमचा एक मेंबर मालवणचा, त्याने कौल आणला. गावाला गुरव देवाच्या मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आम्ही दोन रंगाचे फासे घेतो, पिवळा उजवा, काळा डावा, मोठा आकडा ज्याचा त्याचा कौल, आणि देवाने जे सांगितलं त्याला मी पण बांधलेला. आणि गावात चालतं तसं इथेही चालतं, कौल मनाविरुद्ध आला की प्रश्न बदलून परत विचारायचा. गेल्या रविवारी विचारलं, बोगद्यातून जाऊ का. डावा. मग विचारलं, बरं, दिवा न लावता जाऊ का. परत डावा. मग मालवणी हात जोडून म्हणाला, "बा देवा महाराजा, भायर पाऊस पडता, दुसरी वाट नाय, काय चुकला असात तर पदरात घे," आम्ही सगळे एका सुरात "व्हय महाराजा," आणि काळा फासा परत वरचढ. ते गेले बोगद्यातूनच. आत काय आहे हे मी अजून ठरवलेलं नाही, पण काहीतरी वाईट असायलाच लागेल, आणि माझ्याकडे येत्या रविवारपर्यंतच वेळ आहे.