आई सोबत असली तरी मुलाला संरक्षण मिळू शकतं

"तू आईजवळ राहतोस ना? मग तुला हे लागू नाही." पालकाने छळलेल्या किंवा टाकून दिलेल्या मुलांना अमेरिकेत कायदेशीर राहण्याची वाट देणारी 'स्पेशल इमिग्रंट जुवेनाइल' नावाची तरतूद आहे. तिच्याबद्दल तिथे कागदपत्रांविना राहणाऱ्या मुलांना हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते चूक आहे, आणि त्यापायी मुलं हक्काला मुकतात.

ही तरतूद १९९० ची. तेव्हा ती फॉस्टर केअरला, म्हणजे पालकांऐवजी सरकारी व्यवस्थेतून दुसऱ्या कुटुंबात सांभाळ होण्याला, पात्र ठरलेल्या मुलांपुरतीच होती. गैरसमजाचं मूळ बहुधा तिथेच असावं. २००८ च्या दुरुस्तीपासून कायदा 'एक किंवा दोन्ही पालक' असं म्हणतो. बापाने मारलं, टाकून दिलं, पण मूल आईपाशी सुखरूप आहे, तरी अर्ज करता येतो. छळ मायदेशात झाला असला तरीही.

आधी राज्याच्या न्यायालयाचा आदेश लागतो: त्या पालकाकडे परतणं शक्य नाही, मायदेशी जाणं मुलाच्या हिताचं नाही. अर्जाच्या वेळी वय २१ च्या आत हवं, लग्न झालेलं नको. पण थांबू नका. अनेक राज्यांत न्यायालयाचं दार अठराव्या वर्षीच बंद होतं.

एक गोष्ट मात्र मला फार जाचते. असं मूल पुढे अमेरिकेचं नागरिक झालं, तरी जिने त्याला सांभाळलं त्या जन्मदात्या आईलाही ते ग्रीन कार्ड मिळवून देऊ शकत नाही.