जळकं ऑइल खरंच जळतं का?

खंडेनवमीला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये लेथ लख्ख पुसलेली असतात, त्यांच्यावर झेंडूच्या माळा चढतात. आदल्या दिवशी मात्र सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे, कारण वर्षाचं तेल बदलायचा मुहूर्तही तोच. माझे काका टर्नर होते. हायड्रॉलिक पॉवरपॅकच्या, म्हणजे तेलाच्या दाबानं यंत्राला जोर देणाऱ्या संचाच्या, टाकीतून काढलेलं तेल ते बॅरलमध्ये ओतायचे आणि मला बजावायचे, "जळकं ऑइल आहे, हात लावू नको." जळलं म्हणजे संपलं, असं मी पुष्कळ वर्षं धरून चाललो होतो. ते चूक होतं. वंगणाच्या धंद्याचं 2025 साल कसं गेलं हे पाहायला बसलो, तर त्यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट मला त्या बॅरलमध्येच सापडली.

नव्या तेलाचा मोठा भाग म्हणजे बेस ऑइल, म्हणजे मूळ तेल. त्यात थोडी रसायनं मिसळतात: मळ धुणारी, काजळीचे कण सुटे ठेवणारी, गंज रोखणारी, झीज थांबवणारी जस्ताची संयुगं. यंत्र चालतं तशी ही रसायनं खर्च होत जातात. तेलात धातूचा कीस, धूळ, पाणी उतरतं, इंजिन असेल तर काजळी. उष्णतेनं तेलाच्या काही भागाचं ऑक्सिडीकरण होतं; तापमान 10 अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा कारखान्यातला ठोकताळा आहे. तरी बेस ऑइलचे बहुतेक रेणू जागच्या जागी शाबूत राहतात. काळं पडलेलं तेल हे बहुतांशी मळलेलं तेल असतं. त्यातलं पाणी उडवलं, निर्वातात ऊर्ध्वपातन केलं आणि शेवटी हायड्रोजनची प्रक्रिया दिली, की त्यातून पुन्हा नव्याच्या तोडीचं बेस ऑइल निघतं. असं एकदाच नाही, अनेकदा करता येतं.

बेस ऑइलची भारताला मोठ्या प्रमाणात आयात करावी लागते. म्हणूनच केंद्र सरकारनं 2023 मध्ये केलेले आणि 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेले नियम मला महत्त्वाचे वाटतात. तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आता वापरलेल्या तेलाच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी आहे. पहिल्या वर्षी 5 टक्क्यांपासून सुरुवात, पुढे टप्प्याटप्प्यानं चढतं उद्दिष्ट. 2025-26 हे त्याचं दुसरं वर्ष. कागदावर जबाबदारी कंपनीची असली, तरी तेल निघतं ते आपल्या शेडमधून, गॅरेजमधून, उसाच्या ट्रॅक्टरमधून. ते नोंदणीकृत गोळा करणाऱ्याच्या हाती पडलं नाही, तर पुढचं सगळं अडतं.

व्यापारी संघटनांच्या लेखी मात्र वर्षाची मोठी बातमी वेगळी होती. 31 मार्च 2025 पासून मोटारींच्या पेट्रोल इंजिनांसाठी जीएफ-7 आणि एसक्यू या तेलाच्या नव्या प्रतींना परवाने मिळू लागले. यातली एसक्यू ही प्रत अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची. डब्यावरचं तिचं गोल चिन्ह आपल्याकडेही ओळखीचं आहे. टर्बो इंजिनात ठिणगीआधीच होणारा भडका रोखणं, तेही तेल जुनं झाल्यावर, हा या प्रतींतला मुख्य बदल.

आपल्या भागाशी जास्त जवळचा प्रश्न मला साखर कारखान्यातला वाटतो. चिकोडी, संकेश्वर, उगारकडे गळीत सुरू झालं की ऊस पिळणारे रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात, पण त्यांच्यावरचा दाब प्रचंड असतो. वेगानं फिरणारा शाफ्ट तेलाला स्वतःखाली ओढून घेतो आणि त्याच्या पातळ थरावर तरंगतो. इतक्या मंद गतीत तो थर नीट धरतच नाही, धातू धातूला टेकू पाहतो. म्हणून तिथं काकवीसारखं दाट तेल लागतं. पॉवरपॅकमधलं 68 नंबरचं तेल 40 अंशांना 68 सेंटीस्टोक (दाटपणाचं माप) असतं आणि 100 अंशांना साडेआठाच्या आसपास उतरतं. रोलरला ते कसं पुरणार? या दाट तेलांचा आधार असतो 'ब्राइट स्टॉक' हे खूप दाट बेस ऑइल, आणि तो मुख्यतः जुन्या पद्धतीच्या, ग्रुप-1 रिफायनऱ्यांतून येतो. जगभर त्या एकेक करून बंद होत चालल्या आहेत. ग्रीसचंही तसंच. बहुतेक ग्रीस लिथियमच्या साबणानं तेल घट्ट करून बनतं आणि तेच लिथियम बॅटरीवाल्यांनाही हवं. म्हणून कॅल्शियम सल्फोनेटच्या ग्रीसकडे लोक वळू लागलेत. पूर्वी बैलगाडीच्या आसाला एरंडेल पुरायचं!

घर्षणावर मात करण्यात जगातली सुमारे पाचवा हिस्सा ऊर्जा खर्च होते, असा अंदाज शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये मांडला. तेव्हा वंगण ही किरकोळ बाब नव्हे. पण वापरून झाल्यावर तेच तेल भट्टीत जाळलं, तर त्यातले जस्तासारखे धातू धुरातून आणि राखेतून बाहेर पडतात. गटारात ओतलं, तर पाण्यावर तवंग पसरून खालच्या जिवांना हवा मिळत नाही. शहापूर-वडगावच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात भाताच्या रोपांत शिरतं. शहरातून त्या पाण्याबरोबर काय काय वाहत जातं, याची काळजी मला खरोखर वाटते.

आता शेडमधली अडचण. लेथवर कापताना जे दुधाळ पाणी सोडतात, ते कूलंट म्हणजे पाण्यात बारीक विखुरलेलं तेल. सुट्टीत यंत्र बंद राहिलं की वर तेलाचा थर साचतो, खाली हवा पोचत नाही आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात. सुट्टीनंतरच्या सकाळी येणारा सडक्या अंड्यासारखा वास त्यांच्या हायड्रोजन सल्फाइडचा. हे पाणी हायड्रॉलिकच्या तेलात मिसळलं, की दोघांचा असा लगदा होतो की शुद्धीकरणवाला तो उचलायलाच नाखूश असतो. आणि आजवर आम्ही सगळं एकाच बॅरलमध्ये ओतत आलो.

काकांची शेड आता चुलतभाऊ चालवतो. यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गेलो, तर भिंतीला टेकून दोन बॅरल उभे होते. दोन्हींवर झाकण, एकावर खडूनं 'ऑइल' आणि दुसऱ्यावर 'कूलंट' लिहिलेलं.