साखरपुड्याची अंगठी

साखरपुड्याची अंगठी : विवाह ठरल्याची खूण म्हणून वधूवर एकमेकांच्या बोटात घालतात ती अंगठी. ठाणे व नवी मुंबईतील मराठी घरांत वधूची अंगठी वरपक्ष आणि वराची वधूपक्ष करतो. वधूची बहुधा खड्याची असते, वराची जाड व साधी.

उगम : प्रथेचे मूळ प्राचीन ईजिप्तमध्ये असल्याचे सर्रास सांगितले जाते, मात्र त्यास आधार तोकडा आहे. इ. स. दुसऱ्या शतकातील रोमन लेखक ऑलस गेलियस याने ॲपिऑन या विद्वानाच्या हवाल्याने दिलेला एक उतारा या मताच्या मुळाशी दिसतो. ईजिप्तमध्ये प्रेतविच्छेदन करताना करंगळीशेजारच्या बोटातून हृदयाकडे जाणारा एक नाजूक मज्जातंतू आढळला, म्हणून अंगठी त्या बोटात घालतात, असे त्यात म्हटले आहे. उतारा अंगठीच्या बोटाविषयी आहे. वाग्दानाचा (विवाहाचे वचन देण्याचा) त्यात उल्लेख नाही. सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिडोर याने मज्जातंतूच्या जागी रक्तवाहिनी आणली. ‘प्रेमाची शीर’ या अर्थाचा आज लोकप्रिय असलेला लॅटिन शब्दप्रयोग हेन्री स्विनबर्न या इंग्रज कायदेपंडिताच्या १६८६ मध्ये, मरणोत्तर छापल्या गेलेल्या ग्रंथात येतो. शरीरशास्त्रात अशी खास शीर नाही.

रोमन पुरावा अधिक भरवशाचा आहे. थोरला प्लिनी (पहिले शतक) आपल्या काळीही वाग्दत्त वधूला लोखंडाची, बिनखड्याची अंगठी पाठवत असल्याचे नोंदवतो. सुमारे शंभर वर्षांनंतर ख्रिस्ती लेखक टर्टुलियन वधूच्या सोन्याच्या अंगठीचा उल्लेख करतो. (लोखंडाची अंगठी मराठी घरात शनीच्या पीडेवर घालतात; साखरपुड्याच्या ताटात ती कोणी ठेवू देणार नाही.) पोप पहिला निकोलस याने ८६६ मध्ये बल्गेरियनांना लिहिलेल्या पत्रात वाग्दानाची अंगठी येते. हिऱ्याच्या अंगठीचा आरंभ ऑस्ट्रियाचा मॅक्सिमिलियन व बर्गंडीची मेरी यांच्या १४७७ मधील विवाहाशी जोडतात. पण १४७५ मध्ये इटलीतील स्फोर्झा घराण्याच्या विवाहातही हिऱ्याने दोन मने जोडल्याचे कवन आढळते. तेव्हा १४७७ हा आरंभ न मानता गाजलेले उदाहरण मानणे बरे.

भारतीय परंपरा : रामाने हनुमंताकरवी सीतेला पाठवलेली मुद्रिका आणि दुष्यंताने शकुंतलेला दिलेली अंगठी यांना काही जण या प्रथेचे पूर्वरूप मानतात. दोन्ही ओळख पटवण्याच्या नाममुद्रा आहेत. विवाह ठरवण्याशी त्यांचा संबंध लावणे ओढाताणीचे वाटते. गृह्यसूत्रांतील (घरगुती संस्कार सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांतील) विवाहविधीत पाणिग्रहण, अश्मारोहण, लाजाहोम, सप्तपदी आहेत, अंगठ्यांची अदलाबदल नाही. वाङ्निश्चयातही (विवाह ठरवण्याच्या विधीतही) भर शब्दावर आहे. साखरपुड्यात मुलीला कुंकू लावून साडी, नारळ व साखरेचा पुडा देणे हा जुना गाभा; अंगठी त्यात मागाहून, बहुधा विसाव्या शतकात शिरली असावी. धार्मिक कृत्यात दर्भाचे पवित्रक अनामिकेत घालतात. त्यामुळे बोटाची निवड परकी वाटली नसावी. हात उजवा की डावा, याविषयी मात्र एकवाक्यता नाही.

हिरा : अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे मुख्यतः भारतातून जात. दक्षिण आफ्रिकेतील शोधानंतर (१८६७) पुरवठा वाढला. अमेरिकेत हिऱ्याची अंगठी रूढ होण्याचे श्रेय बहुधा डी बिअर्स या हिरे कंपनीच्या जाहिरातींना देतात; ‘हिरा चिरंतन आहे’ या आशयाचे त्यांचे घोषवाक्य १९४७ चे. अमेरिकी कायदेतज्ज्ञ मार्गारेट ब्रिनिग यांनी १९९० मध्ये वेगळे कारण मांडले. विवाहाचे वचन मोडल्याबद्दल भरपाई मागण्याचा हक्क १९३५ पासून तेथील अनेक राज्यांनी रद्द केला, तेव्हा महाग अंगठी हेच तारण झाले. मागणीतील वाढ मोठ्या जाहिरातमोहिमेच्या आधीच सुरू झालेली असल्याने हे मत दुर्लक्षिता येत नाही. महाराष्ट्रात हिरा शुक्राचा मानतात आणि ‘सगळ्यांनाच लाभत नाही’ म्हणून पत्रिका दाखवून घेणारी घरे आजही आहेत.

ठाणे व नवी मुंबई : ठाणे १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते आणि अंगठीला चर्चमध्ये आशीर्वाद देणारा मराठीभाषी ख्रिस्ती समाज येथे जुना आहे. त्याच्या शेजारामुळे हिंदू घरांत अंगठी आली, असे म्हणणे घाईचे होईल.

बेने इस्राएल या मराठीभाषी ज्यू समाजाचे उदाहरण अधिक बोलके आहे. टेंभी नाक्यावर त्यांचे १८७९ चे सिनेगॉग आहे. ज्यू धर्मशास्त्रात वाग्दान (एरुसिन) वराने मोलाची वस्तू दिल्याने सिद्ध होते आणि ही वस्तू म्हणजे अंगठी. ती वराच्या मालकीची हवी आणि रूढीने बिनखड्याची. खड्याची किंमत वधूला नेमकी कळणार नाही, म्हणून. ती उजव्या हाताच्या तर्जनीत घालतात. पूर्वी वाग्दान व विवाह यांत सुमारे वर्षाचे अंतर असे. मध्ययुगात दोन्ही विधी एकाच मांडवाखाली आले. म्हणजे लग्नात घातली जाणारी ही अंगठी शास्त्रार्थाने वाग्दानाचीच आहे. हिंदू साखरपुड्यातील अंगठीला असे विधिमूल्य नाही.

आगरी–कोळी लग्नांत मान हळदीचा आणि धवले (लग्नगीते) गाणाऱ्या धवलारणीचा. अंगठी तेथेही अलीकडची भर दिसते.

नौपाडा, जांभळी नाका किंवा वाशीच्या पेढीवर मापाच्या कड्यांचा जुडगा बोटात घालून माप घेतात. बोट उन्हाळ्यात किंचित सुजते, म्हणून सराफ सांध्यावरून जरा अडून जाणारी कडी पसंत करतो. हिरा बहुधा १८ कॅरटच्या सोन्यात बसवतात, कारण २२ कॅरट मऊ असल्याने कोंदणाची पकड सैल होते. आतल्या बाजूस अनुक्रमे ७५० किंवा ९१६ हा शुद्धतेचा आकडा व सहा अक्षर-अंकांची हॉलमार्क ओळख असते. दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्यास हॉलमार्कची सक्ती नाही. घडणावळ वेगळी लागते.