मेटॅलिकाचे ‘जुने’ अल्बम नेमके कुठे संपतात?

‘ब्लॅक अल्बम आला आणि बँड संपला,’ हे मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या चाहत्यांत, त्यांच्या १९९१ च्या अल्बमबद्दल, इतक्या वेळा ऐकू येतं की हा वाद १९९१ मध्ये सुरू झाला असंच वाटावं. तो त्याहून सात वर्षं जुना आहे. जुलै १९८४ मध्ये ‘राइड द लाइटनिंग’ आला आणि त्यातलं चौथं गाणं, ‘फेड टू ब्लॅक’, अकूस्टिक गिटारवर संथपणे उघडलं. वर्षभरापूर्वीच्या ‘किल एम ऑल’च्या वेगावर जीव टाकणाऱ्यांना तो दगा वाटला. बँड विकला गेला, हा आरोप तेव्हापासूनचा. १९८९ च्या सुरुवातीला ‘वन’चा व्हिडिओ आला तेव्हा तो पुन्हा झाला, कारण तोवर व्हिडिओ न काढणं हा या बँडचा बाणा समजला जायचा. प्रत्येक पिढीने रेघ आपापल्या जागी ओढली. पण ती कुठेही ओढली तरी तिच्या अलीकडे-पलीकडे काय बदललं हे कानांनी तपासता येतं, आणि वादात नेमकं तेच राहून जातं.

सुरुवातीच्या आवाजाचं मूळ एका माणसाच्या उजव्या हातात आहे. ‘किल एम ऑल’ १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला रेकॉर्ड झाला. गिटारवादक डेव्ह मस्टेनला महिनाभर आधीच काढलं होतं, त्याच्या जागी कर्क हॅमेट आला होता. पुढचे तीन अल्बम निर्माता फ्लेमिंग रासमुसेनबरोबर झाले, त्यांतले पहिले दोन कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत. या सगळ्या काळात रिदम गिटार, म्हणजे गाण्याला आधार देणारी गिटार, वाजवायचा तो गायक जेम्स हेटफील्ड. हॅमेटकडे सोलो, म्हणजे गिटारचे एकट्याने पुढे येणारे भाग. एकच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा गिटारचा तुकडा) हेटफील्ड दोन-तीनदा तंतोतंत तसाच वाजवायचा आणि ते थर एकमेकांवर चढवले जायचे. दोन वेगवेगळे हात असते तर तारेवरचा आघात मागेपुढे झाला असता. एकच हात असल्यामुळे ती भिंत सलग उभी राहिली.

‘मास्टर ऑफ पपेट्स’चा मुख्य रिफ वाजवून पाहिला की हे लगेच कळतं. वेग मिनिटाला सुमारे २१२ ठोके, म्हणजे सेकंदाला सात फटके, आणि सगळे वरून खाली. शिकणारा माणूस दमला की नकळत खाली-वर वाजवू लागतो. वर जाणारा फटका हलका पडतो आणि रिफ लंगडतो. वेग चुकलेला नसतो, तरी गाणं ‘तसं’ वाटत नाही ते यामुळे. मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र) १६० वर लावून सुरुवात करावी, पाच-पाचने चढवावं, जोर मनगटातून काढावा. कोपर आवळलं की मिनिटभरात हात भरून येतो.

बास वाजवणारा क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. अनेकांची रेघ इथे पडते, आणि ती नुसत्या भावनेपोटी नाही. त्याच्या बासला गिटारपेक्षा वेगळी वाट होती. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला आणि १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये बास ऐकूच येईना. त्याला दोन कारणं आहेत. न्यूस्टेडने बहुतेक ठिकाणी गिटारचाच रिफ जसाच्या तसा वाजवला होता, आणि हेटफील्डच्या गिटारच्या टोनमध्ये मधला भाग कापून खालचा भाग इतका भरला होता की बासला जागाच उरली नाही. त्यात मिक्सिंगच्या वेळी, म्हणजे सगळ्या वाद्यांचे ट्रॅक एकत्र करताना, बास आणखी खाली गेला. मिक्स करणाऱ्या दोघांपैकी स्टीव्ह थॉम्पसनने पुढे जाहीरपणे सांगितलं की तशी सूचना ड्रमर लार्स उलरिकची होती. २०१८ च्या रीमास्टरमध्ये तरी बास वर येईल अशी आशा बऱ्याच जणांना होती. तसं होणार नव्हतं. रीमास्टर तयार मिक्सवर होतो. एखादं वाद्य वर काढायचं तर सुटे ट्रॅक घेऊन मिक्सच नव्याने करावा लागतो, आणि ते बँडने केलं नाही.

माझ्या मते खरी फूट १९८८ आणि १९९१ या दोन सालांच्या मध्ये आहे, पण ती फक्त वेगात शोधणं चूक आहे. ‘जस्टिस’मध्ये ६५ मिनिटांत नऊ गाणी, ‘ब्लॅक अल्बम’मध्ये ६२ मिनिटांत बारा. ‘एंटर सँडमन’ मिनिटाला १२३ ठोक्यांवर चालतं. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. निर्माता बॉब रॉकने त्याहून मोठं काम केलं ते वेगळंच. तोवर गाणं ड्रम आणि रिदम गिटारवर उभं राहायचं, बाकी सगळं वरून चढवलं जायचं. रॉकने चौघांना स्टुडिओत एकत्र वाजवायला लावलं. बासला स्वतःची चाल आली, ड्रमला खोलीचा घुमारा मिळाला, ‘सॅड बट ट्रू’साठी गिटार पूर्ण एक सूर उतरवली गेली. मिक्स तीनदा झाला, खर्च दहा लाख डॉलरवर गेला. आधी ‘जस्टिस’मधलं ‘ब्लॅकन्ड’ आणि लगेच ‘सॅड बट ट्रू’ लावा आणि फक्त पायाच्या ड्रमकडे लक्ष द्या. पहिल्यात टकटक, दुसऱ्यात छातीत बसणारा धक्का. काय बदललं ते ड्रम सुरू झाले की लगेच समजतं.

१९९६ च्या ‘लोड’वर सर्वांत जास्त राग निघाला. त्यातला निम्मा बँडने कापलेल्या केसांवरचा होता, तो सोडून देऊ. संगीतातले बदल दोन. सगळी वाद्यं अर्ध्या सुराने खाली गेली आणि हॅमेट पहिल्यांदाच अल्बमवर रिदम वाजवू लागला. डाव्या-उजव्या बाजूला दोन वेगळे हात आले, भिंत सैल झाली, तिच्यात झोका आला. ज्याला भिंत हवी होती त्याला हा बिघाड वाटणारच. मला मात्र ‘ब्लीडिंग मी’ आणि ‘द आउटलॉ टॉर्न’ ही दोन्ही गाणी बँडच्या उत्तम कामात धरावीशी वाटतात. त्यातलं दुसरं सीडीच्या मर्यादेपायी शेवटी कापावं लागलं. अल्बम ७९ मिनिटांच्या टोकाला पोचला होता. पूर्ण रूप पुढच्या वर्षी एका सिंगलवर आलं. ऐकायचं तर तेच ऐकावं.

२००३ च्या ‘सेंट अँगर’चा वाद एका ड्रमवर येऊन थांबतो. स्नेअर या ड्रमच्या खालच्या कातड्याला तारांची पट्टी टेकलेली असते. तिच्यामुळे ‘चट्’ असा तुटक आवाज येतो. उलरिकने ती सैलच ठेवली. तारा टेकलेल्या नसल्या की कवच मोकळं घुमतं आणि डब्यावर मारल्यासारखा ‘टण्ण’ लांबत राहतो, गिटारच्या सुरांवर आदळत राहतो. त्यातच सोलो एकही नाही. न्यूस्टेड २००१ मध्येच गेला होता, त्यामुळे रेकॉर्डिंगला बास बॉब रॉकने वाजवला.

२००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये जुनी रचना परत आली: लांब गाणी, सोलो, बदलती लय. पण हलके आणि मोठे आवाज एकाच पातळीवर आणण्यासाठी आवाज इतका दाबला होता की मोठ्या ठोक्यांना तो फाटतो. मास्टरिंग करणाऱ्या, म्हणजे मिक्सवर शेवटचा हात फिरवणाऱ्या, टेड जेन्सनच्या हातात आलेले मिक्सच दाबलेले होते. त्याच सुमारास ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी त्या दाबाशिवाय आली. चाहत्यांनी दोन्ही आवाजांच्या लहरींची चित्रं शेजारी ठेवली. एक लहर विटेसारखी सपाट, दुसरीत प्रत्येक ठोक्याचं टोक दिसणारं.

म्हणून जुने आणि नवे अल्बम शेजारी ठेवून ऐकायचे असतील तर आधी आवाजाची पातळी सारखी करावी. स्ट्रीमिंगमध्ये नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय, सुरू ठेवावी. स्पीकरवर ऐकत असाल तर नवा अल्बम लावताना आवाज उतरवावा, गायकी दोन्हीकडे सारख्या उंचीवर येईपर्यंत. असं केलं नाही तर मोठा आवाज पहिल्या मिनिटात दमदार वाटतो आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत कान थकवतो, आणि मग तो दोष गाण्याच्या माथी बसतो.

२०२३ च्या ‘७२ सीझन्स’चं शेवटचं गाणं ‘इनामोराटा’ ११ मिनिटं १० सेकंदांचं आहे, बँडच्या स्वतःच्या स्टुडिओ अल्बमांतलं सर्वांत लांब. मध्यावर गिटार बाजूला होतात आणि रॉबर्ट त्रुहियोचा बास पुढे येतो, प्रत्येक सूर सुटा ऐकू येईल इतका.